पावसाळ्यात धुमसणारी चूल: धुराडं वाढवण्याआधी काय तपासावं

तुमची अडचण मला समजली ती अशी. पाटण तालुक्यात घर आहे. मागच्या पडवीत मातीची चूल, पुढे मुख्य तोंड, मागे वैल (त्याच आचेवर दुसरं भांडं ठेवायची जागा), आणि वैलाच्या मागून तीन इंची सिमेंटची नळी पत्र्यातून वर गेलेली. उंची साधारण आठ फूट. उन्हाळ्यात चूल चांगली चालली. जूनपासून मात्र पेटवताना धूर पडवीत भरतो, भाकरी होईपर्यंत डोळे चुरचुरतात, वैलावरचं पाणी कोमटच राहतं आणि जळण दीडपट लागतं. गवंडी म्हणतो, धुराडं दोन फूट वाढवा. वाढवावं का?

आत्ता वाढवू नका. इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. चुलीत एवढा धूर तयारच का होतो, हा एक. तयार झालेला धूर वर का जात नाही, हा दुसरा. धुराड्याची उंची फक्त दुसऱ्याशी संबंधित आहे, आणि तिथेही तिचा वाटा लहान आहे. आठ फुटांची नळी दहा फूट केली तर ओढ पाव हिश्शाने वाढते, पण नळीतून जाणारा धूर जेमतेम आठव्या हिश्शाने वाढतो. उलट तीन इंची नळीच्या आत सगळीकडून एक सेंटिमीटर काजळी बसली असेल तर साडेसात सेंटिमीटरचा व्यास साडेपाचवर येतो आणि धुराला जायची वाट जवळपास निम्मी होते. म्हणून उंची वाढवण्याआधी नळी साफ करणं कितीतरी पटींनी फायद्याचं. तरीही चूल प्रत्यक्ष बघितल्याशिवाय काही गोष्टी ठाम सांगता येत नाहीत. घर डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे, पत्र्याचा उतार कुठे, पडवीला भिंती किती, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे तुम्हाला स्वतः करता येतील अशा तपासण्या सांगतो. त्यांतून नेमका दोष तुमचा तुम्हालाच सापडेल.

आधी जळण. लाकूड तापलं की सुमारे अडीचशे-तीनशे अंशांपासून त्यातून वायू सुटायला लागतात. हे वायू नीट जळायला त्याहून बरीच जास्त उष्णता, सहाशे अंशांच्या घरातली, आणि पुरेशी हवा लागते. ती मिळाली तर ज्वाळा, नाही मिळाली तर धूर. म्हणजे डोळ्यांत जाणारा पांढरा धूर हे न जळलेलं जळणच आहे. ओल्या लाकडात नेमकं हेच बिघडतं. चाळीस टक्के ओल असलेल्या एक किलो लाकडात चारशे ग्रॅम पाणी असतं. ते वाफ करून घालवायला लागणारी उष्णता लाकडातल्या एकूण उष्णतेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच असते, त्यामुळे एवढ्याने काय होतंय असं वाटतं. पण त्या वाफेने आगीची जागाच थंड पडते, वायू पेटत नाहीत आणि मोठा तोटा तिथे होतो. दीडपट जळण लागायचं कारण बहुतेक हेच.

लाकूड वाळलं आहे का, हे हाताला लागलेल्या कोरडेपणावरून ठरवू नका. दोन फाटी एकमेकांवर आपटा. वाळलेलं खणखणीत वाजतं, ओलं बद्द. टोकाला मधून बाहेर गेलेल्या चिरा दिसतात का बघा. साल नखाने सुटते का बघा. खात्रीचा उपाय वजनाचा आहे. एक फाटं नुकतं मधून फोडा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, त्यावर खडूने वजन लिहा आणि चुलीपासून दोन-तीन फुटांवर उबेला ठेवा. चार-पाच दिवसांनी पुन्हा तोला. वजन फारसं उतरलं नाही तर लाकूड वापरायला चांगलं. एक किलोचं फाटं साडेसातशे-आठशे ग्रॅमवर आलं तर ढिगातलं जळण अजून ओलं आहे, हे समजा.

तुमच्या भागात हे जास्त जाणवणारच. माण-खटावला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तर कोयनानगर-नवजाकडे तो त्याच्या कित्येक पट. माणात बाभळीचा ढीग अंगणात उघडा राहिला तरी फारसं बिघडत नाही. पाटण, जावळी किंवा तिकडे शिराळ्याच्या पश्चिमेला तसं चालत नाही. शिवाय वाळलेलं लाकूडही पावसाळ्यातल्या दमट हवेतून ओल ओढतं. म्हणून पुढच्या वर्षासाठी जळण होळीच्या आत फोडून व्हायला हवं. मनगटाएवढी जाड, सव्वा फूट लांबीची फाटी. ओंडका न फोडता ठेवला तर साल ओल आत धरून ठेवते आणि तो उन्हाळाभर पडूनही आतून ओलाच निघतो. दगडांवर दोन वासे टाकून जमिनीपासून अर्धा फूट उंच रचा, एक थर आडवा, एक उभा. वरून पत्रा टाका, पण बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत चारही बाजूंनी गुंडाळलेला ढीग आतल्या आत घामेजतो आणि त्याला बुरशी येते.

यंदा काय करायचं? दोन दिवसांपुरतं जळण चुलीजवळ उबेला आणून ठेवायचं आणि रोज जेवढं जाळलं तेवढं पुन्हा आणायचं. इथे एक धोका मात्र ओळखा. फाटी चुलीच्या कट्ट्यावर किंवा धुराड्याला टेकवून वाळत घालू नका. रात्री चूल विझली असं वाटतं, राखेखाली इंगळ (निखारा) असतो, आणि पहाटेपर्यंत तापून कोरडं ठक्क झालेलं लाकूड एका ठिणगीनेही पेट घेतं. किमान दोन फुटांचं अंतर ठेवा.

कोणतं जळण कशाला वापरावं, हेही थोडं बघू. बाभूळ आणि जांभळासारखं जड लाकूड आर (निखाऱ्यांची धग) चांगला धरतं, भाकरीला तेच हवं. निलगिरी वाळली की फुटत नाही, म्हणून ओली असतानाच फोडून ठेवावी. आंबा नीट वाळला नसेल तर फार धूर करतो. शेवगा, पांगारा पोकळ जळतात, त्यांच्यावर स्वयंपाक धरू नये. कऱ्हाड-वाळव्याकडून उसाची चिपाडं मिळत असतील तर पेटवायला आणि चहाला उत्तम, पण ती भराभर जळतात आणि सतत सारावी लागतात. मक्याची बुरकुंडं (दाणे काढलेली कणसं) कडक वाळली असतील तर चांगली. पाचट मूठभर पेटवणीपुरतंच. भारा तोंडात कोंबला की आधी गुदमरतं आणि मग एकदम भडकून ज्वाळा बाहेर येते. शेणी (गोवऱ्या) एकट्या जाळू नयेत. धूर आणि राख दोन्ही जास्त होतात. आर टिकवायला एखादा तुकडा पुरे.

तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या जळणाला आणतात. त्यांच्यावर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात, तेव्हा स्वयंपाकाच्या चुलीत त्या नकोत. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, फर्निचरचे तुकडे नकोत. कण्हेर, शेर आणि बिब्बा कधीच नाही. कण्हेर विषारी, शेराचा चीक आणि बिब्ब्याचा धूर डोळ्यांना व कातडीला भाजल्यासारखा त्रास देतो. दुधाची पिशवी पेटवणीला वापरायची सवय फार घरांत आहे, ती मोडा. तो धूर भाकरीला आणि छातीला दोन्हीकडे जातो.

आता दुसरा भाग, धूर वर का जात नाही. चूल थंड असताना एक उदबत्ती पेटवून चुलीच्या तोंडाशी धरा. वैलावर पाण्याचं भांडं बसवलेलं असू द्या. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. जागीच घुटमळला तर नळी तुंबलेली किंवा थंड आहे. बाहेर ढकलला गेला तर वाऱ्याचा उलटा दाब आहे. आता पडवीचं दार किंवा खिडकी उघडून हेच पुन्हा करा. फरक पडला, तर दोष धुराड्यात नाही, खोलीत आहे.

हे पावसाळ्यात फार घडतं आणि क्वचितच कुणाच्या लक्षात येतं. पाऊस आत येऊ नये म्हणून पडवीला ताडपत्री लावली जाते, खिडकी बंद होते. धुराड्यातून जेवढी हवा वर जाते तेवढी कुठूनतरी आत यायला हवी. ती येईना झाली की ओढ थांबते. तेव्हा ताडपत्रीच्या खालच्या बाजूला वीतभर उंचीची फट मोकळी ठेवा, तीही वारा येतो त्या बाजूला. आपल्याकडे पावसाळी वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, डोंगराच्या कुशीत मात्र तो वळतो, म्हणून स्वतः बघून ठरवा. वाऱ्याच्या पाठच्या बाजूचं दार उघडलं तर उलटं होऊ शकतं. वारा घरातली हवा बाहेर खेचतो आणि धुराड्यातला धूर खाली उतरतो.

दार उघडूनही फरक पडला नाही तर वैल बघा. वैल उघडं ठेवून पुढचं तोंड पेटवलं की धुराडं जवळच्या वैलातूनच हवा ओढतं, आगीकडची ओढ संपते आणि धूर पुढून बाहेर येतो. वैलावर कायम भांडं किंवा घट्ट बसणारं झाकण हवं. भांड्याचा काठ आणि वैल यांच्यात बोट जाईल एवढी फट असेल तर ओल्या मातीने बुजवा.

मग नळी. तुमच्यासारख्या चुलींना तीन इंची सिमेंटची नळी बसवायची पद्धत १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाच्या काळात गावोगाव रुजली. कोरड्या जळणाला ती पुरते. ओल्या जळणाची काजळी मात्र भुरभुरीत न राहता डांबरासारखी चिकट होते आणि एवढी बारीक नळी लवकर भरते. कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी ती साफ करा. आतला थर तीन मिलिमीटर झाला की थांबायचं नाही. साफ करताना चूल पूर्ण गार असावी. तोंड आणि वैल ओल्या पोत्याने बंद करा, नाकाला फडकं बांधा. लांब दोरीच्या मध्यावर नळीत दाटून बसेल असा काथ्याचा बोळा बांधा, टोकाला वजन लावून दोरी वरून सोडा, खालून एकाने आणि वरून एकाने आळीपाळीने ओढा. खाली पडलेली काजळी नळीच्या बुडातून काढायलाच हवी. ती तिथेच राहिली तर साफसफाई वाया जाते. बुडाशी काढायचं तोंड ठेवलेलं नसेल तर एक वीट सुटी बसवून ते करून घ्या. पावसात ओल्या पत्र्यावर चढू नका. उघडीप बघूनच हे काम करा.

नळी जुन्या अॅस्बेस्टॉस सिमेंटची असण्याची शक्यता आहे. ती करवतीने कापू नका, घासू नका, फोडू नका. तिचा धुरळा फुप्फुसांना घातक असतो. बदलायची वेळ आली तर अख्खी उतरवा. नवी नळी चार इंची लोखंडी घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली नळी आगीलगतच्या पहिल्या दोन फुटांत नको, कारण फार तापल्यावर जस्ताची वाफ सुटते. तिथे साधं लोखंड किंवा विटांचं बांधकाम ठेवा. वळण हवंच असेल तर काटकोनी नको, तिरकं द्या. पत्र्यातून नळी जाते तिथे लाकडी वासा एकेरी नळीपासून दीड फूट लांब असावा. तेवढी जागा नसेल तर मध्ये पत्र्याची आड लावा आणि वासा व पत्रा यांच्यात इंचभर पोकळी ठेवा. टोपी नळीच्या तोंडापासून चार इंच वर हवी. पाऊस आत येतो म्हणून ती खाली दाबून बसवतात आणि धुराची वाटच बंद करतात.

एवढं झाल्यावर पेटवायची रीत बदला. पावसाळी सकाळी धुराडं गार आणि ओलं असतं, त्यातली हवा जड होऊन खाली बसलेली असते. आधी ती हलवावी लागते. चुलीतली राख काढा, इंचभर थर राहू द्या. नारळाची शेंडी किंवा मूठभर सुकं पाचट वैलाच्या खाली, नळीच्या जितकं जवळ सरकवता येईल तितकं सरकवा, पेटवा आणि लगेच वैल झाका. अर्ध्या-एका मिनिटात नळीत ओढ सुरू झाल्याचं तोंडाशी हाताला जाणवतं. मग पुढे पेन्सिलीएवढ्या काटक्या आडव्या-उभ्या रचून पेटवा, त्या धडधडल्या की अंगठ्याएवढ्या दोन-तीन, आणि त्यांचा आर झाल्यावर मनगटाएवढी फाटी. फाटी तीन-चारच, दोघांत बोटभर अंतर, टोकं तेवढी आगीत. तोंडाचा अर्धा भाग मोकळा हवा. तोंड भरून लाकूड कोंबणं हे धुराचं ओल्या जळणाइतकंच मोठं कारण आहे. जळेल तसं पुढे सारत राहा. फाट्यांच्या खालून हवा जायला हवी म्हणून खाली लोखंडी जाळी किंवा एक आडवी सळई ठेवली तरी फरक दिसतो. फुंकणी इंगळांच्या बुडाशी धरा, ज्वाळेवर नको. रॉकेल घालायचं झालं तर थंड जळणावर आणि थेंबभरच. धुमसत्या चुलीवर ओतलं की त्याची वाफ होऊन अंगावर भडका येतो. पेट्रोल कधीही नाही.

पाणी कोमट राहण्याचं कारण वेगळं असू शकतं. पुढच्या तोंडातून वैलाकडे जाणाऱ्या वाटेत राख साचली आहे का, हात घालून बघा. ती साफ असूनही पाणी तापत नसेल तर ज्वाळा भांड्याच्या बुडाला न लागता खालूनच धुराड्यात जात असणार. वैलाच्या तळाशी मातीचा उंचवटा करा, भांड्याचं बूड आणि उंचवटा यांत दोन बोटांची जागा राहील असा. आच मग बुडाला घासून पुढे जाते. हा उंचवटा आणि चुलीच्या भेगा एकाच मातीने करता येतील: चाळलेली माती, शेण, भाताचं तूस आणि थोडी राख. दोन दिवस सावलीत वाळू द्या, मग तीन दिवस फक्त काटक्यांची आच द्या. लगेच मोठा जाळ केला तर पुन्हा तडे जातात. नळी चुलीला जोडते तिथली भेग आधी बुजवा. तिथून शिरणारी गार हवा ओढ मारते.

सुरक्षिततेच्या तीन गोष्टी, ज्या तुम्ही विचारल्या नाहीत. गॅसची टाकी त्याच पडवीत असेल तर आजच हलवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत पसरतो आणि चूल जमिनीलाच असते. दुसरी, पावसात कपडे वाळवायला किंवा बाळंतिणीला शेकायला इंगळांची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. इंगळांचा धूर दिसत नाही, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं ही त्याची लक्षणं. ती दिसली की लगेच सगळ्यांना उघड्यावर आणा आणि दवाखाना गाठा. तिसरी, राख लोखंडी घमेल्यातच काढा. प्लॅस्टिकच्या बादलीत नको, कडब्याच्या गंजीजवळ नको. वरून पांढरी दिसणारी राख आतून दोन-दोन दिवस जिवंत असते.

धुराड्यात काजळीने पेट घेतला तर घरघर असा मोठा आवाज येतो आणि वरून ठिणग्या उडतात. अशा वेळी वरून पाणी ओतू नका, तापलेली सिमेंटची नळी फुटते. चुलीच्या तोंडावर आणि वैलावर ओली माती किंवा ओलं पोतं दाबून हवा बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा, ११२ ला फोन करा आणि पत्र्याखालच्या वाशांवर लक्ष ठेवा. आवाज थांबल्यावरही तासभर तिथून हलू नका, आणि नळीला तडा गेला नाही ना हे बघितल्याशिवाय पुन्हा चूल पेटवू नका.

एवढं करूनही वाऱ्याच्या दिवशी धूर खाली येत असेल, म्हणजे उदबत्तीचा धूर बाहेर ढकलला जात असेल, तर मात्र गवंड्याचं म्हणणं बरोबर आहे. तेव्हाही ठोक दोन फूट म्हणून वाढवू नका. दहा फुटांच्या आत घराचं आढं, झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल तिच्यापेक्षा दोन फूट वर नळीचं तोंड न्या, आणि पत्र्यातून बाहेर आल्यापासून ती किमान तीन फूट हवी. वाढीव भागाला तीन बाजूंनी तारेचे ताण द्या. जोड देताना वरची नळी खालच्या नळीच्या आत बसवा, म्हणजे आतून ओघळणारा काळा रस पत्र्यावर सांडणार नाही. हे काम दिवाळीनंतर, उघाड पडल्यावर करून घ्या.